शनीवर नऊ

अनोळखी माणसाला मी सांगितलं की मी कोडी तयार करतो, तर तो थोडा वेळ थांबतो आणि विचारतो, "ते ठीक आहे. पण पोटापाण्याला काय करता?"

पोटापाण्यालाही मी तेच करतो. कसबा पेठेत, एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या वर आमच्या मासिकाचं कार्यालय आहे. मासिक संपूर्ण कोड्यांचं. शब्दकोडी, अंककोडी, चित्रकोडी, आणि दिवाळीला जाडजूड अंक. आजकाल सगळ्यांना वाटतं की सुडोकू संगणक पाडतो आणि आम्ही फक्त छापतो. संगणक पाडतोही. पण संगणकाने पाडलेलं कोडं सोडवताना मजा येत नाही. वाट कुठे अडावी, कुठे मोकळी व्हावी, कुठे सोडवणाऱ्याने स्वतःशीच हसावं, हे माणसालाच ठरवावं लागतं. ही माझी नोकरी. वर्षानुवर्षं केली, आणि अभिमानाने केली. गेल्या वर्षी त्या अभिमानाचं काय झालं ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे. त्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

आमचे वाचक हा स्वतंत्र विषय आहे. एक गृहस्थ दर महिन्याला उत्तर शाईच्या पेनने लिहून पाठवतात आणि खाली 'सोपे होते' अशी नोंद करतात. चुकलेल्या उत्तराखालीही करतात. एक नवरा-बायको अंकाच्या दोन प्रती घेतात, एकाच प्रतीवर सोडवताना बोलणं बंद झालं होतं म्हणून. एकदा तर एका शब्दकोड्याला दोन उत्तरं निघाली, आणि ती काढणारे दोघे वाचक एकाच दुपारी कार्यालयात येऊन समोरासमोर बसले. एकाने दुसऱ्याला विचारलं, "आपण कधीपासून सोडवता?" दुसरा म्हणाला, "आपण चुकायला लागलात त्याच्या आधीपासून." मी दोघांना चहा पाजला, दोघांना बरोबर ठरवलं आणि जिना उतरेपर्यंत त्यांचं भांडण ऐकत राहिलो.

त्या दिवसापासून मी कार्यालयात एक नियम घातला. कोडं तयार झालं की ते चाचणीला जायचं, म्हणजे ज्याने ते आधी पाहिलेलं नाही अशा माणसाने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवायचं. उत्तर एकच निघालं पाहिजे. आणि चाचणी झाली की कोड्यातला ठिपकाही हलवायचा नाही. संपादकांनी सांगितलं तरी नाही. नियम माझा, आणि तो मोडणाराही मीच.

गेल्या वर्षीच्या गणपतीच्या अंकासाठी मी एक नवं कोडं केलं. नाव दिलं 'यानाची फेरी'. ते काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नेहमीचं सुडोकू आपल्याला माहीत आहे. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि प्रत्येक लहान चौकटीत एक ते नऊ अंक एकेकदाच यायचे. त्यावर मी अवकाश पसरलं होतं. काही घरांत ग्रहांची चित्रं. पृथ्वीच्या घरातून एक यान निघतं, घराघरांतून आडवं-उभं जातं, कुठल्याही घरात दुसऱ्यांदा शिरत नाही, स्वतःची वाट ओलांडत नाही, आणि पुन्हा पृथ्वीवर येतं. ही बंद फेरी पेन्सिलने काढायची. बाकीच्या ग्रहांच्या घरांत यानाने शिरायचं नाही, नुसतं जवळून जायचं. आणि ग्रहाच्या घरात जो अंक येईल, त्याच्या भोवतालची बरोबर तितकी घरं यानाने पार केलेली असली पाहिजेत. म्हणजे मंगळावर चार आला, तर मंगळाच्या शेजारच्या घरांपैकी चारांतून यान गेलंच पाहिजे. अंक वाट दाखवतात आणि वाट अंक दाखवते.

यात सुरुवातीलाच एक गंमत आहे. कुठल्याही घराला तिरपे धरूनही शेजारी जास्तीत जास्त आठ. त्यामुळे ग्रहाच्या घरात नऊ कधीच येऊ शकत नाही. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला कोड्याचं दार उघडलं. मला त्या युक्तीचा फार आनंद झाला होता.

कोडं चाचणीत उत्तम उतरलं. पान छपाईला जायच्या दिवशी मी स्वारगेटला बसच्या रांगेत उभा असताना आमचे चित्रकार मिलिंद यांचा फोन आला.

"शनी अगदी शेवटच्या घरात आहे हो. त्याची कडी पानाच्या कडेला कापली जाते. एक घर डावीकडे घेऊ का?"

मी मनात चित्र आणलं. त्या डावीकडच्या घरातून यान जात नाही, एवढं मला पक्कं आठवलं. ग्रह ठेवायला जागा मोकळी आहे, मग हरकत काय?

"घ्या," मी म्हणालो. बस आली आणि मी चढलो. त्या घरात अंक कोणता येतो, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

अंक निघाला. वाचकांनी कोडं डोक्यावर घेतलं असं मला वाटलं, कारण फोन बरेच आले. पुरतं उत्तर कोणाचंच आलं नाही, ते कोडं अवघड म्हणून, असं मी धरून चाललो; आमचं उत्तर दिवाळी अंकात छापायचं होतं. एका ज्योतिषीबुवांनी राहू-केतू वगळल्याबद्दल निषेध नोंदवला. दुसऱ्या एकाने विचारलं की यानात माणसं आहेत की नाहीत. मी दोघांनाही तोडीस तोड उत्तरं दिली. फोनवर उत्तरं देणं हा माझ्या कामाचा आवडता भाग होता, आणि कार्यालयातले लोक ती ऐकायला थांबत.

गौरी-विसर्जनानंतर एक फोन आला.

"नमस्कार, मी बिबवेवाडीहून गायकवाड बोलते. आपलं यानाचं कोडं करतेय. पण अहो, उजवीकडच्या चौकटीत नऊ शनीवरच येतोय. दुसरीकडे कुठे बसतच नाही. छपाईत काही झालं का?"

या बाई मला माहीत होत्या. सरकारी कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे एक प्रथा आहे. दिवाळी अंकातल्या मोठ्या कोड्याचं उत्तर वाचक स्वतः आणून देतात आणि चहा घेऊन जातात. गायकवाड बाई त्यात दर वर्षी पहिल्या असत. फिक्या पेन्सिलीने, न खोडलेली उत्तरं. हे सगळं मला ठाऊक होतं. अंक माझ्या टेबलावर पडलेला होता. हात लांब केला असता तर पान उघडलं असतं.

मी म्हणालो, "बाई, शनीवर नऊ येत असेल तर दोष शनीचा नाही, पेन्सिलीचा आहे. पुन्हा एकपासून करून पाहा."

कार्यालयात हशा पिकला.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. "सॉरी हं, उगाच त्रास दिला."

माझी बाजू म्हणून एवढंच सांगता येईल की अशा दहा फोनांपैकी नऊ वेळा खरोखर वाचकच चुकलेला असतो. ही काही बाजू नव्हे, हे मला आता कळतं.

दसऱ्यानंतर कार्यालयात एक तरुण आला. दिवाळी अंकाची घाई चालू होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मी निखिल गायकवाड. आईचं नाव तुमच्या यादीतून काढायचंय. तिला अंक पाठवू नका प्लीज."

"का हो? काही चुकलं का आमचं?"

"नाही, तुमचं काही नाही. तिला तो बघवत नाही आता."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला, आणि मग जे बोलला ते मी कामाच्या गडबडीत ऐकायला सुरुवात केली आणि हातातलं पान कधी खाली ठेवलं ते मला कळलं नाही.

त्याच्या आजीला, म्हणजे गायकवाड बाईंच्या आईला, म्हातारपणी विस्मृतीचा आजार होता. शेवटी तिने लेकीलाही ओळखलं नाही. बाईंच्या मनात ती धास्ती कायम होती. आपल्या डोक्याची परीक्षा म्हणून त्या आमची कोडी सोडवायच्या. महिन्याचं सगळ्यात अवघड कोडं सुटलं की त्या महिन्यापुरत्या निश्चिंत.

"गणपतीत एक कोडं तिला सुटलं नाही," निखिल म्हणाला. "रोज बसायची. खोडायची, परत सुरू करायची. तुमच्याकडे फोनही केला म्हणे. तुम्ही सांगितलं की तिचंच चुकतंय. त्यानंतर तिने पेन्सिल ठेवली ती ठेवलीच."

तो फोन मला आठवला.

"मग तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. भाजीत मीठ दोनदा पडलं, की झालं. चावी सापडली नाही, की झालं. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एकदम नॉर्मल आहे. तर ती म्हणते, डॉक्टर आज वार कोणता एवढंच विचारतात, तेवढं तर माझ्या आईलाही बरेच दिवस येत होतं."

"आणि आता?"

"पप्पांना अर्धांगवायू झालाय, तीन वर्षं झाली. त्यांचं सगळं आईच करायची, गोळ्या, व्यायाम, सगळं. मला नोकरीमुळे जमत नाही. एकदा संध्याकाळी तिला आठवेना, गोळी दिली की नाही दिली. रात्रभर त्यांच्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, माझ्या हातून यांचा जीव जाईल. कात्रजच्या बाजूला एक शुश्रूषा केंद्र आहे, तिथे ठेवलंय पप्पांना. तिच्याच हट्टाने. ती रोज जाते, बाहेरच्या बाकावर बसते, आणि येते. आत गेली की रडू येतं म्हणते."

तो कोरड्या आवाजात सांगत होता, जसं लोक बऱ्याच ठिकाणी सांगून झालेलं सांगतात. मी उठून गणपतीचा अंक काढला आणि पान उघडलं. मुलाची समजूत काढावी म्हणून मी म्हणालो, "हे कोडं खरंच अवघड आहे. थांबा, मी तुम्हाला दाखवतो कसं सुटतं."

आणि मी पेन्सिल घेतली.

माझंच कोडं. पहिली वळणं मी न बघता घेतली. मंगळ झाला, गुरू झाला, यानाची अर्धी वाट निघाली. उजवीकडच्या चौकटीत आलो. नऊ कुठे बसतो ते पाहिलं. या ओळीत नऊ आहे, त्या ओळीत आहे, या घरात दुसरा अंक आला. एकच घर उरलं. त्यात शनीचं चित्र होतं, कडी शाबूत, छान काढलेली.

मी पुन्हा पाहिलं. मग एकपासून सुरू केलं. पुन्हा तिथेच आलो. बाईंनी फोनवर मला नेमकं तेच सांगितलं होतं. चूक कुठे आहे, कुठल्या चौकटीत, कुठल्या घरात, कुठला अंक. इतकं अचूक तर आमच्या चाचणीतही कोणी सांगत नाही. आणि मी विनोद केला होता.

"काय झालं?" निखिलने विचारलं.

"तुमची आई बरोबर होती," मी म्हणालो. "कोडं चुकलंय. हे सुटूच शकत नाही. कोणालाच."

त्याला राग येईल, तो ओरडेल, असं मला वाटलं. बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "सर, हे तुम्ही तिला येऊन सांगाल?"

त्याच दिवशी मी त्याच्या गाडीवर मागे बसून बिबवेवाडीला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दारात चपला नीट लावलेल्या, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पांढरी फुलं. बाई दार उघडून मागे सरल्या. मी ज्यांना दर दिवाळीत पाहिलं होतं त्या या नव्हेत असं वाटलं. त्या माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत होत्या.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चित्रकारांचा फोन, शनी हलवणं, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "निखिलने आणलं ना तुम्हाला?"

"हो, पण..."

"बसा. पाणी देते. इतक्या लांब आलात. पण मला खोटा धीर नको हो. निखिल गेल्या आठवड्यात विहारातल्या ताईंना घेऊन आला होता, त्यांनीही असंच काहीतरी सांगितलं. तुमच्या अंकात इतक्या वर्षांत असं कधी झालेलं नाही. मला माहीत नाही का?"

मला हे अपेक्षितच नव्हतं. माणूस आपली चूक कबूल करायला येतो आणि समोरचा ती मान्यच करत नाही. इतकी वर्षं मी माझ्या कोड्यांवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून मरमर केली होती. तो विश्वास आता माझ्यासमोर बसला होता आणि माझं ऐकत नव्हता.

मी अंक उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मान फिरवली.

"नका ठेवू ते समोर."

"बरं, बघू नका," मी म्हणालो. "नुसतं सांगा. उजवीकडच्या चौकटीत नऊ कुठे बसतो?"

"शनीवर," त्या लगेच म्हणाल्या. भिंतीकडे तोंड करून. "मधल्या ओळीतला नऊ गुरूच्या खालच्या घरात पक्का होतो. खालच्या ओळीतला डावीकडे जातो. वरच्या ओळीत दोन घरं आधीच भरलेली. उरतो शनी. आणि ग्रहावर नऊ चालत नाही. मी कितीही वेळा केलं तरी तसंच होतं. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. तसंच आहे ते. दुसरं काही नाहीच त्यात."

त्या हळूहळू वळल्या. त्यांनी चष्मा लावला, अंक जवळ ओढला आणि बोट त्या घरावर ठेवलं. बराच वेळ ते तिथेच होतं. निखिल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तोही हलला नाही.

"तुम्ही तेव्हा उघडून पाहिलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अंक नव्हता का जवळ?"

"टेबलावर होता."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी राग म्हणणार नाही. रस्त्याने नीट चालताना अचानक कोणीतरी मागून ढकलावं आणि वळून पाहिल्यावर तो ओळखीचा निघावा, तसं काहीतरी होतं. मी माफी मागितली. त्या उठून आत गेल्या आणि साडी बदलून, पिशवी घेऊन आल्या.

"चला," त्या मला म्हणाल्या. "हे यांच्यासमोर सांगा. जसं मला सांगितलंत तसंच. टेबलाचंसुद्धा."

आम्ही रिक्षाने गेलो, निखिल गाडीवर मागून. शुश्रूषा केंद्राच्या दाराशी तो बाक होता. बाई तिथे क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या. गायकवाड साहेब खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसले होते. उजवी बाजू निकामी, बोलणं तुटक, पण डोळे चांगलेच जागे. मी पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगतानाही ते सोपं झालं नव्हतं.

साहेब एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी... तिला म्हटलं होतं. कोडं... चुकलं असेल."

"म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

"ती म्हणाली... त्यांचं चुकत नाही." त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "चाळीस वर्षं... संसार केला. ऐकलं... तुमचं."

मी मान खाली घातली. दुसरं काय करणार?

"आता चला घरी," बाई त्यांना म्हणाल्या. आवाज अजून पक्का नव्हता.

"गोळ्या?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पिशवीचा बंद घट्ट धरला. "सकाळी उठल्यावर रक्तदाबाची. नाश्त्यानंतर साखरेची. दुपारी जेवल्यावर रक्त पातळ करायची, पाण्याबरोबरच, दुधाबरोबर नाही. संध्याकाळी ती पांढरी, अर्धी."

साहेबांनी मान हलवली. नाही.

बाई थांबल्या. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला. निखिल पुढे झाला. मला वाटलं, मी इथे येऊन आणखी एक घात केला.

"पांढरी... बंद," साहेब म्हणाले. घसा साफ करून पुन्हा. "इथे. डॉक्टरांनी. आता... पिवळी."

"बंद केली?" बाई म्हणाल्या. "कधीपासून?"

"मंगळवार."

"मंगळवारपासून आणि मला कोणी सांगितलं नाही? मी रोज येऊन बाहेर बसते ते काय दगड आहे म्हणून?" त्या वळल्या आणि तरातरा बाहेरच्या टेबलाकडे गेल्या. तिथून त्यांचा आवाज येऊ लागला. पिवळी गोळी कुठली, किती मिलीची, पांढरी का बंद केली, कोणी केली, रिपोर्ट कुठे आहे. परिचारिका "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होती. सरकारी कचेरीत त्यांच्या हाताखाली काम करणं काय असेल, याची मला कल्पना आली.

साहेब ते सगळं डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी पायथ्याशी घडी करून ठेवलेला सदरा डाव्या हाताने ओढून घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"बाही," ते म्हणाले. "धरा."

मी त्यांचा उजवा हात उचलला. तो वाटला होता त्यापेक्षा खूप जड होता. सावकाश तो बाहीत घातला.